दारातलं गाऱ्हाणं

आमच्या दारात कुणी आलं की माझी सून माझ्याआधी पुढे होते. "आई, हे बघा, खालच्या वाडीतले मधले काका आलेत, नातीचं लग्न ठरलंय त्यांच्या," असं मोठ्यानं सांगते आणि मग पाणी आणायला आत जाते. मला याचा कधीकधी भारी राग येतो. मला काय दिसत नाही? मधल्या काकांचं ते टक्कल मी जन्मभर बघत आले आहे. पण खरं सांगायचं तर परवा बाजारात तेच टक्कल माझ्यासमोर उभं राहून हसत होतं आणि त्याच्याखालचा माणूस मला काही केल्या सापडत नव्हता. सून बरोबर नव्हती, म्हणून मीही नुसती हसले आणि भाजीवालीशी घासाघीस करायला लागले.

हल्ली असं होतं. चहाची भुकटी आणायला जाते आणि हातात जिऱ्याचा डबा घेऊन परत येते. शब्द जिभेच्या टोकावर येऊन बसतात आणि उठायचं नाव घेत नाहीत. सुनेचा राग येतो आणि तिच्यावाचून चालतही नाही, दोन्ही एकदमच.

तिला ही रीत मी शिकवलेली नाही. आमच्या गावात म्हाताऱ्या माणसाच्या घरी गेलं की आधी आपलं नाव, मग घरदार, मग काय चाललंय ते सांगायचं, हे आता सगळ्यांच्याच अंगवळणी पडलं आहे. ते कसं पडलं हे फार थोड्यांना ठाऊक असेल. मला ठाऊक आहे आणि तेही विसरायच्या आत सांगून टाकलेलं बरं.

आमचं गाव लांज्याहून आत, डोंगराच्या कुशीत. मी सांगते आहे ती ऐंशीनंतरची वर्षं. माझे यजमान मुंबईला गोदीत कामाला. शिमग्याला आणि गणपतीला यायचे, मे महिन्यात जमलं तर. सासूबाई माझ्या लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेल्या. घरात मी, मुलं आणि मामंजी. मामंजी म्हणजे माझे सासरे. उंच, सडपातळ, बोलायला कमी आणि ताकाला जास्त. सकाळ-दुपार-संध्याकाळ ताक लागायचं त्यांना.

कमी बोलणारा हा माणूस वर्षातून एकदा मात्र अख्ख्या गावासाठी बोलायचा. आमच्या गावात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे होता. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते. अंगणात पालखी थांबली, घरच्या बाईनं ओटी भरली, की मानकऱ्यानं नारळ हातात घ्यायचा आणि त्या घरासाठी देवाला मोठ्यानं सांगणं घालायचं. पालखीत रूप देवीचं असलं तरी हाक मात्र "देवा म्हाराजा" अशीच. मानकरी एकेक वाक्य म्हणून थांबतो आणि भोवतीची सगळी माणसं एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतात. देवानं हे ऐकलं आणि मान्य केलं, असा त्याचा अर्थ.

हे गाऱ्हाणं काही पाठ करून म्हणायचं नसतं. दर घराचं वेगळं. कोणाचा मुलगा लोट्याला कंपनीत लागला, कोणाचा आखातात बोटीवर, कुणाची लेक पहिल्या बाळंतपणाला आली, कुणाची म्हैस आटली, कुणाचा कोर्टात वाद चालू आहे, ते सगळं मानकऱ्याच्या डोक्यात हवं. मामंजींच्या डोक्यात ते असायचं. पालखी दारात आली की जणू परवाच त्या घरी जेवून गेल्यासारखं ते देवाला सांगायचे. मुंबईहून आलेली माणसंसुद्धा चाट पडायची. आपली आठवण देवाला आहे असं वाटायचं त्यांना. मला तर वाटतं, लोक शिमग्याला यायचे त्यात निम्मा वाटा मामंजींचा होता. कुणी हसेल याला. हसू दे.

मग एका शिमग्यात ते घडलं. वरच्या वाडीत एक बाई होती, माझ्याच वयाची. तिचा नवरा मुंबईला असायचा. आदल्या दिवाळीनंतर तो तिकडेच तापानं गेला. तार आली, गावानं रडून घेतलं, बाराव्याला सगळे जेवले. मामंजीही होते. आणि शिमग्यात तिच्या दारात पालखी आली तेव्हा मामंजींनी नारळ हातात घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "देवा म्हाराजा, ह्या घरचा लेकरू मुंबईस हाय. त्याच्या हाताला यश दे. येत्या गणपतीला त्याला सुखरूप घरी आन."

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

ओरडून झाल्यावर लोकांच्या ध्यानात आलं. असं व्हायचंच. मानकरी थांबला की व्हय म्हणायचं, हे आमच्याकडे पाळण्यातच शिकवतात. कान ऐकतात तोवर तोंड बोलून मोकळं झालेलं असतं. ढोलवाल्यानं सवयीनं ढोलावर टिपरू मारलं आणि मग तोही थबकला. मामंजींना काही कळलं नाही. ते नारळ फोडायला वळले. मी शेजारच्या घराच्या पडवीत बायकांबरोबर उभी होते.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर ती बाई मला भेटली. मी तिची माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनंच माझा हात धरला.

"वयनी," ती म्हणाली, "मी पन व्हय म्हटला. तोंडातना गेला. आनि घडीभर मला बरा वाटला."

एवढं बोलून ती कळशी डोक्यावर घेऊन निघून गेली. मी मात्र तिथेच दगडावर बसले आणि रडले.

गावकीनं हे प्रकरण पोटात घातलं नाही. देवळाच्या मंडपात बैठक बसली. माझे एक चुलत दीर होते, मामंजींच्या भावाचा मुलगा. त्यांनी विषय काढला. माणूस वाईट नव्हता, पण देवाच्या कामात एक शब्द इकडचा तिकडे झालेला त्यांना खपायचा नाही. शिवाय मामंजींनंतर मान आपल्याकडे यावा असं त्यांच्या मनात होतं, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही असंही त्यांना वाटायचं. ते म्हणाले, देवाकडे मेलेल्या माणसासाठी बरकत मागणं हे चांगलं लक्षण नव्हे. शेवटी असं ठरलं, की पुढच्या शिमग्याला मामंजींनीच गाऱ्हाणं घालावं, पण पुन्हा चूक झाली तर मान चुलत दिरांकडे जाईल.

मामंजी बैठकीतून उठले. घरी आले, डोक्याचा रुमाल सोडून खुंटीला अडकवला आणि जेवायला नको म्हणाले. मी ताक घेऊन गेले तर ते पडवीत भिंतीला पाठ लावून बसले होते.

"सूनबाय," ते म्हणाले, "माजा काय तरी हलत चाल्ला हाय. जाग्यावर ऱ्हात नाय."

मी म्हटलं, "व्हतं असा वयानं, मामंजी."

"व्हतं ना? मग बरा," ते म्हणाले. पण त्यांना ते बरं वाटलं नाही हे मला दिसत होतं. मला इतकी भीती त्याआधी कधी वाटली नव्हती. हा माणूस वर्षभर त्या दोन-तीन दिवसांसाठी जगायचा. कुणाकडे काय झालं ते कान देऊन ऐकायचा, मनात ठेवायचा. मान गेला असता तर त्यांनी सकाळी उठायचं कशासाठी?

यजमानांना पत्र पाठवलं तर त्यांचं उत्तर आलं, बाबांचं वय झालं, जाऊ दे तो मान, त्यात एक नारळ सोडून मिळतं काय? ते वाचून माझं डोकं असं तापलं की मी पुढचे दोन महिने त्यांना पत्रच लिहिलं नाही. मुंबईला राहून माणसाला नारळ तेवढा दिसतो.

त्या पावसाळ्यात मामंजी तयारीला लागले. पडवीत सुंभ वळत बसायचे आणि हलक्या आवाजात गाव चालायचे. म्हणजे मनातल्या मनात पालखीबरोबर निघायचे. पालखी सहाणेवरून, म्हणजे देवळापुढच्या तिच्या चौथऱ्यावरून उठली, उजवीकडे वळली, फणसाखालचं पहिलं घर, त्यात अमुक, त्यात तमुक, मग पायरी उतरून दुसरं घर. भाकरी थापताना मला सगळं ऐकू यायचं. ओळीनं चाललं की बरोबर जायचं. मधेच गाय हंबरली किंवा कुणी हाक मारली, की धागा तुटायचा आणि ते पुन्हा सहाणेवरून सुरुवात करायचे. कधीकधी एका सकाळी त्यांची पालखी इतक्यांदा उठायची की माझेच खांदे दुखायचे.

आणखी एक पंचाईत होती. विहिरीपलीकडच्या एका कुटुंबानं हायवेला लागून नवं घर बांधलं होतं. जुनं घर उतरवलं, कौलं-वासे नेले, मागे नुसतं जोतं उरलं. मामंजींची पालखी मात्र रोज त्या जोत्यापाशीच थांबायची.

एकदा मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "मामंजी, ते आता हायवेला गेले ऱ्हायला."

सुंभ वळायचा हात थांबला. "जोता हाय म्हंजे घर हाय," ते रागानं म्हणाले. "तू मधी बोलू नको." आणि पुन्हा सहाणेवरून निघाले. मी जीभ चावली. माझं खरं होतं, पण माझं खरं असून त्यांचा सगळा रस्ता मोडला होता.

गौरी-गणपतीच्या आधी मी त्यांना एस.टी.नं रत्नागिरीला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर भला माणूस होता. त्यांनी विचारलं, "आजोबा, आज वार कोणता?"

"तुमाला म्हाईत नाय?" मामंजी म्हणाले.

डॉक्टर हसले, मीही हसले. मग त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, शक्तीचं लाल औषध लिहून दिलं. मी दार लोटून बाहेर पडत होते तेव्हा हळूच म्हणाले, "ह्याला औषध नाही, बाई. फक्त त्यांना गडबडवून टाकू नका." परतीच्या गाडीत मामंजी खिडकीशी बसले. हातखंबा आलं, पाली आलं, प्रत्येक थांबा गाडी पोचायच्या आधी त्यांनी मला सांगितला. माझा जीव भांड्यात पडला. लांजा स्टँडवर उतरलो आणि त्यांनी मला विचारलं, "गो, आपून कुटं गेलेलो?"

गडबडवू नका म्हणजे नक्की काय करायचं, ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. ते मला गणपतीत समजलं. गणपतीत मुंबईची माणसं घरोघर पाया पडायला फिरतात. प्रत्येक जण आला की मामंजींसमोर उभा राहून तोंड भरून हसायचा आणि विचारायचा, "काय मामा, वळाखलास काय?" हौसेनंच विचारायचे बिचारे. पण तो प्रश्न ऐकला की मामंजींचे डोळे इकडे तिकडे पळायचे. तोंडावर असं काही यायचं, माझ्या शाळेतल्या मुलाला गणित येत नसलं की येतं तसं. एकानं तर गंमत म्हणून सांगितलंच नाही. "वळखा बगू, वळखा बगू," करत राहिला. मामंजी उठून गोठ्यात निघून गेले आणि तो जाईपर्यंत बाहेर आले नाहीत. त्या माणसाला मी चहा दिला, पण साखर घातली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी दारातच उभी राहायला लागले. कुणी पायरी चढलं की मी आधी मोठ्यानं सांगायची, "मामंजी, वरच्या वाडीतला मधला आलाय. लोट्याला कंपनीत असतो तो. मुलगी झाली त्याला." आणि काय आश्चर्य, एवढं कानावर पडलं की मामंजींचं पुढचं सगळं आपोआप उलगडायचं. "तुज्या बापाशीचा गुडघा बरा हाय काय?" असं ते त्यालाच विचारायचे. म्हणजे आत सगळं होतं. विचारलं की पळायचं, सांगितलं की यायचं. मी या शोधावर इतकी खूश झाले की त्या दिवशी मोदक दोन जास्त खाल्ले.

आणि तिथेच मला शिमग्याची युक्ती सुचली.

दारात ओटी भरायला घरची बाईच पुढे येते. ओटी भरताना ती देवीला मनातलं मनातच सांगते. ते तिनं मोठ्यानं सांगितलं तर? नारळ हातात घ्यायच्या आधीच मामंजींच्या कानावर ते घर पडेल. पोरं कुठं आहेत, कोण आजारी आहे, कोण गेलं. पुढचं त्यांचं ते बघून घेतील. कुणाला वाटेल, बाई देवीशी बोलते आहे.

शिमग्याआधी मी पाणवठ्यावर बायकांना हे सांगितलं. मग एका वयस्कर बाईनं कपडे आपटता आपटता विचारलं, "बायकांनी पालखीम्होरं बोलायचा? कदी कुनी केलान हाय?"

मी म्हटलं, "काकी, देवीला मनात सांगतावच ना आपून? ती काय नुसता मनातलाच ऐकते?"

त्यांना ते पटलं नाही हे दिसत होतं. सगळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. तेवढ्यात वरच्या वाडीतली ती बाई, जिचा नवरा गेला होता ती, कळशी खाली ठेवून म्हणाली, "मी बोलीन. माज्या दारात मी बोलीन." झालं, मग कोण नाही म्हणणार?

शिमगा आला. यजमानही आले, गणपतीला त्यांना रजा मिळाली नव्हती, आणि दोन महिने पत्र का नव्हतं ते त्यांनी विचारलं नाही. पहिल्या दिवशी पालखी खालच्या वाडीत होती. मी जवळच्या घरांमधून फिरत होते आणि लांबच्या घरांच्या बातम्या बायका आणून देत होत्या. युक्ती चालली. बायका ओटी भरायच्या, कपाळाला हात लावायच्या आणि बोलायच्या, "आई, मोठा मुंबईस हाय, धाकट्याची परीक्षा हाय, सुनंला दिवस गेलेत." मामंजी नारळ घेऊन कान देऊन ऐकायचे आणि मग त्यांचा तो आवाज उठायचा, तोच जुना. काही बायकांना एवढी चटक लागली की काय विचारता. एकीनं सासूपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांची गाऱ्हाणी देवीला सांगितली. पालखी खांद्यावर घेतलेले भोई कण्हायला लागले, तेव्हा कुठे थांबली.

दुसऱ्या दिवशी पालखी वरच्या वाडीत त्या बाईच्या दारात आली. चुलत दीर पालखीच्या बाजूलाच उभे होते. तिनं ओटी भरली आणि सावकाश म्हणाली, "आई, माजा धनी गेला. दिवाळीनंतर वरीस झाला. पोरगी माजी शाळंत हाय. तिच्यासाठी मी उभी हाय."

मामंजींनी डोळे मिटले. मग म्हणाले, "देवा म्हाराजा, ह्या घरचा लेकरू तुज्या पायापाशी आला हाय. त्याला तितं थारा दे."

"व्हय म्हाराजा."

"त्याच्या लेकीला शिकीव. तिच्या आयशीला बळ दे."

"व्हय म्हाराजा," लोक म्हणाले, आणि या वेळी ऐकून म्हणाले. चुलत दिरांनी उपरण्यानं डोळे पुसले. मी पाहिलं.

विहिरीपलीकडे पालखी वळली तेव्हा मला एकदम आठवलं. तिथलं जोतं. मामंजी तिकडेच जाणार आणि तिथे कुणीच नसणार. पण वळणावर आलो आणि मी बघतच राहिले. जोतं शेणानं सारवलेलं होतं. मधोमध रांगोळी होती. जिथं पूर्वी उंबरा असायचा, तिथं हायवेवरच्या घरची म्हातारी ओटीचं ताट घेऊन उभी होती आणि तिच्यामागे तिचं सगळं घर. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. पाणवठ्यावर माझ्याकडून एकदा सहज बोललं गेलं होतं, की मामंजी अजून जोत्यापाशी थांबतात. तेवढ्यावरून ती सकाळी सगळ्यांना घेऊन चालत आली होती. मामंजींना त्यात काहीच नवल वाटलं नाही. घर जिथं असायला हवं होतं, तिथंच होतं.

रिवाजाप्रमाणे मानकऱ्याचं घर शेवटी. पालखी आमच्या अंगणात आली तेव्हा ऊन चढलं होतं. माझं मन इतकं हलकं झालं होतं, की आपण जिंकलो असंच मी धरून चालले होते. मी ओटी भरली, पदर डोक्यावर ओढला आणि मागे सरले. मी काही बोलले नाही. सासरे समोर असताना चार माणसांत सुनेनं तोंड उघडायचं नाही, हे एक होतंच. पण खरं म्हणजे बोलायची गरज आहे असं माझ्या मनातही आलं नाही. स्वतःच्या घराचं कुणी काय सांगायचं?

मामंजींनी नारळ घेतला. ढोल थांबला. मामंजी घराकडे बघत राहिले. दाराकडे, तुळशीकडे, खुंटीवरच्या स्वतःच्या घोंगडीकडे. मग माझ्याकडे. त्यांचे डोळे पळायला लागले तेव्हा मला कळलं. मी उंबऱ्यातच अडकून राहिले. यजमान पालखीला खांदा देऊन उभे होते, त्यांना वाटलं बाबा मन लावून उभे आहेत. चुलत दिरांनी एक पाऊल पुढे टाकलं.

मग मामंजींनी नारळ वर उचलला.

"देवा म्हाराजा," ते म्हणाले, "ह्या घर कुनाचा, ता मला आज गावत नाय."

कुणीही व्हय म्हटलं नाही.

"पन ह्या घरात मला येळेवर ताक मिळतं," मामंजी पुढे म्हणाले. आवाज अगदी शांत होता, घरात बोलायचे तसा. "ही बाय उबी हाय, ती मला कदी काय इचारत नाय. आदी सांगते. म्हनून माजा निभावला. हिचा कायम बरा कर. आनि ही म्हातारी व्हयल तवा हिला दारात कुनी, वळाखलास काय, म्हनून इचारू नये. कुनीतरी आदी सांगावा, असा कर."

मला वाटलं, आता मान गेला, आता सगळं संपलं. आणि पहिला आवाज चुलत दिरांचा आला.

"व्हय म्हाराजा!"

मग सगळं अंगण म्हणालं. यजमान पालखीखालून म्हणाले, त्यांचा आवाज चिरकला. उंबऱ्यातून मी म्हणाले. सुनेनं बोलायचं नाही वगैरे मला काही आठवलं नाही.

पालखी देवळात गेल्यावर चुलत दीर परत आले आणि पडवीत मामंजींच्या पायाशी बसले. म्हणाले, "तात्या, मान तुमचाच. फुडल्या सालापासना मी बाजूला उबा ऱ्हाऊन घरं सांगीन, तुमी देवाला सांगा." आणि मामंजी असेपर्यंत ते तसेच उभे राहिले. शेवटच्या एका शिमग्यात मामंजी नुसतंच "देवा म्हाराजा" म्हणू शकले, बाकी सगळं दीर म्हणाले, तरी नारळ मामंजींच्याच हातात होता.

पण ते नंतरचं. त्या दिवशी संध्याकाळी सगळी माणसं पांगली. यजमान देवळाकडे गेले होते. मी मामंजींना ताक घेऊन पडवीत गेले. त्यांनी भांडं हातात घेतलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "गो, सकाळी दारात ती बाय उबी व्हती ती कोन?"

मी म्हटलं, "मीच ती, मामंजी. तुमची सून. ह्या आपलाच घर."

"तू व्हय?" ते म्हणाले. त्यांनी ताक संपवलं, मिशा पुसल्या आणि रिकामं भांडं माझ्याकडे दिलं. "मग देवाला सांगितला ता बरा केला."